दोन व्याही आणि मारधाडीचा सिनेमा

मला मारधाडीचे सिनेमे मनापासून आवडतात, त्यातही दोन हिरोंचे. एक इस्त्रीच्या शर्टातला, नियमाने वागणारा. दुसरा दाढी वाढलेला, कुणाचं न ऐकणारा. पहिल्या भेटीतच दोघांचं वाजतं आणि पुढच्या दृश्यात दोघं एकाच दोरीला लटकलेले असतात. लोक म्हणतात, हे सगळं खोटं असतं. असेल. पण खऱ्या आयुष्यात न पटणारी माणसं एकमेकांकडे जायची बंद होतात आणि वर्षानुवर्षं रुसून बसतात. सिनेमात ती सोय नाही. शेजारी बॉम्ब टिकटिक करत असला की रुसायला वेळ कुठून मिळणार?

आमच्या घरी बॉम्ब नव्हता, बारसं होतं.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणजे इथेच, शहराच्या दुसऱ्या टोकाला, नाचणे गावात. आमचं घर भाट्याच्या पुलापलीकडे. रविवारी सासऱ्यांकडे बारसं ठरलं आणि बाबांनी जाहीर केलं, की ते येणार नाहीत.

कारण आमंत्रण. सासरे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, हळू बोलणारे, रुमालाची घडी न मोडणारे गृहस्थ. त्यांनी नुकतंच मोबाईलवर पत्रिका करायला शिकून घेतलं होतं. पाळणा हलतोय, फुगे उडताहेत, मागे सनई वाजतेय, अशी पत्रिका त्यांनी स्वतः खपून केली आणि सगळ्यांत आधी बाबांना पाठवली. त्यांच्या हिशेबी हा मान होता. बाबांनी उभी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेली, चार खंडांची बंदरं पाहिलेली. असला माणूस रीतभात काय धरून बसणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण ते भडकले.

"तुझ्या सासऱ्याने मला मोबाईलवर बोलावलंन," ते म्हणाले. "उद्या माझ्या पिंडाला कावळापण मोबाईलवरच बोलवा."

सासऱ्यांचं उत्तर बायकोमार्फत आलं. घरच्या माणसाला कसलं आमंत्रण? नातीचे आजोबा काय पाहुणे आहेत?

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि असल्या भांडणाला औषध नसतं. मला मात्र लेकीचं नाव ठेवताना बाबा पाळण्यापाशी हवे होते. आई असती तर तिने त्यांना दटावून नेलं असतं. ती नव्हती, म्हणून तर ते हवेच होते.

शनिवारी मी दोघांना वेगवेगळं गाठून एकच सांगितलं, की सिनेमाचं एक तिकीट जास्तीचं आलंय, फुकट जाईल. आमच्याकडे पोरगा फुकट गेलेला एक वेळ चालतो, तिकीट नाही. दोघंही आले. एकमेकांना पाहून दोघांनीही माझ्याकडे डोळे वटारले, पण तोवर आत दिवे गेले होते.

मी मधल्या खुर्चीवर. दोघं माझ्यामार्फत बोलू लागले.

"त्यांना थंडी वाजत असेल तर माझ्याकडे मफलर आहे म्हणावं," सासरे पुटपुटले.

"त्याला सांग, मी बर्फात बंदरं केलीत," बाबा म्हणाले. इंजिनापायी बाबांचा कान गेलाय, त्यामुळे त्यांची कुजबुज मागच्या रांगांपर्यंत पोचते.

सिनेमा झकास होता. गाड्या उलटत होत्या, पूल कोसळत होते. मध्यंतरात वडा खाता खाता मी दोघांना विचारलं, कोण आवडला? जन्मात नियम न मोडलेल्या सासऱ्यांना दाढीवाला आवडला होता आणि बाबांना इस्त्रीवाला. "त्याला काही रीत तरी आहे," बाबा म्हणाले आणि भलतीकडे बघत उरलेला वडा संपवला.

शेवटी दाढीवाला खलनायकाच्या बोटीवर अडकला. भांडून निघून गेलेला इस्त्रीवाला हेलिकॉप्टरमधून थेट त्या बोटीवर उतरला. शिट्ट्या पडल्या.

"ह्याला कोणी बोलावलंन होतं?" बाबा गुरगुरले.

सासरे माझ्यावरून वाकून पहिल्यांदाच थेट त्यांना म्हणाले, "आपल्या माणसाला बोलवावं लागत नाही."

पडद्यावर बोटीचा स्फोट झाला. त्याच्या वर आवाज काढून बाबा ओरडले, "लागतं हो. आमंत्रणाचं कुंकू घरातल्या बाईला लावतात. ही गेल्यापासून..." इथे स्फोट संपला आणि सिनेमात नेमकी शांतता पसरली. "...आमच्या दारात कुंकू घेऊन कोणी येत नाही. सगळे फोन करतात."

अख्ख्या थिएटरने ऐकलं. कोणी श्श केलं नाही. इतके दिवस मला वाटत होतं, ते मानपानावर अडलेत. मला फार वाईट वाटलं. सिनेमा कसा संपला ते मला आजही सांगता येत नाही.

रविवारी मी तयारीसाठी लवकर सासऱ्यांकडे गेलो. निघताना बाबा स्कूटर पुसत होते. पाळणा सजला, बायका जमल्या आणि सासरे नाहीसे झाले. सासूबाई म्हणाल्या, "नारळ घेऊन बाहेर पडलेत. कुंकवाची कुयरीपण नेलनी."

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. बाबा उतरले, इस्त्रीच्या शर्टात.

"आपल्या माणसाला बोलवावं लागत नाही म्हणाले ना," ते म्हणाले. "म्हटलं, जाऊन बघू."

ह्यांची स्कूटर इकडे येताना त्यांची रिक्षा तिकडे गेली होती. मी सासऱ्यांना फोन लावला आणि बाबांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. सासरे भाट्याला आमच्या कुलपासमोर उभे होते.

"अहो, मी तुमच्याकडे आमंत्रणाला आलोय."

"अहो, मी तुमच्याकडे बारशाला आलोय."



"मग या परत," बाबा म्हणाले.

"आमंत्रण दिल्याशिवाय कसा येऊ?"

बाबांनी चपला घातल्या. सासूबाई धावत आल्या, "अहो, आता कुठे निघालात?"

"घरी," बाबा म्हणाले. "आमंत्रण घ्यायला."

बायका खोळंबल्या. बाळ रडलं, झोपलं, पुन्हा उठलं. बायकोची आत्या कुरकुरू लागली. शेवटी स्कूटर दिसली. बाबा चालवत होते आणि मागे सासरे, एक हात बाबांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात कुयरी. सिनेमात अशा वेळी मागे काहीतरी पेटलेलं असतं. इथे स्कूटर फाटकाच्या चढावर बंद पडली आणि दोघं ती ढकलत आत आले.

बाबांच्या कपाळाला कुंकू होतं, हातात नारळ. पाय धुऊन ते पाळण्यापाशी आले आणि माझ्या कानाशी, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "त्यांनी कुंकू आधी घराच्या चौकटीला लावलनी, हिच्या नावाने. मग मला." मग त्यांनी नारळ पाळण्यापाशी ठेवला.

"मघाशी आलो होतो ते धरू नको. आत्ता आलो."