गणपतीतच ठरलं होतं

सई, अर्णव — हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि आता ते ऐकायला नाहीत. काल व्हिडिओ कॉलवर सई म्हणाली, "आजी, मी पण तुझ्या प्रोजेक्टसाठी कोड लिहू?" मी हो म्हणाले. पण त्याआधी तुम्हाला हे कळायला हवं.

प्रोजेक्ट तुम्हाला माहीत आहे — छोट्या वाचनालयांसाठीचा प्रोग्राम, ओपन सोर्स. कुणीही उघडून पाहावा, सुधारावा. पगार कुणालाच नाही. निवृत्तीनंतर मी तो सुरू केला, नियमही मीच लिहिले: मोठा निर्णय सर्वांनी, उघड चर्चा करून, मतदानाने. माझ्या शिस्तीचं तुम्ही कौतुक करता ना?

पण मी वाशीच्या आमच्या सोसायटीची बरीच वर्षं सेक्रेटरी होते. एजीएमचे ठराव त्या वार्षिक सभेत ठरत नसतात. ते आदल्या रविवारी आमच्या हॉलमध्ये, पोहे खाता खाता ठरतात. लोक नंतर फक्त हात वर करतात. ती सवय मी इथेही आणली.

प्रोग्राम मोबाईलवर चालावा का, अशी चर्चा ठेवली होती. घणसोली गावातली तेजश्री — दिवसभर नोकरी, घरी सासू-सासरे, लहान मुलगी — तिने दिवाळीची सुट्टी घालवून मोबाईलचा भाग लिहूनच दाखवला. मी उत्तर टाकलं, "छान! चर्चा सुरू आहे." सुरू होती? माझं आणि दोन जुन्या सहकाऱ्यांचं फोनवर गणपतीतच "नको" ठरलं होतं. का? मोबाईलचं मला काही येत नव्हतं. मग ताबा माझ्याकडे कसा राहिला असता —

मतदानात "नको" जिंकलं. आमची तीन मतं, आणि आमच्याकडे पाहून पडलेली बाकीची. पुढे एका सहकाऱ्याच्या तोंडून तिच्यासमोर निसटलं. तिचा फोन आला.

"काकू, आधीच ठरलेलं ना? मग मला कशाला नाचवलं? आधी बोलला असतात तर चकल्या तरी नीट तळल्या असत्या!" हसत होती — सुरुवातीला.

मी म्हणाले, "नाही गं. मतं मोजूनच ठरलं."

ती प्रोजेक्ट सोडून गेली. तिच्यामागून आणखी दोघं. मी सगळ्यांना सांगत राहिले — नोकरीत अडकली असेल.

आता कोड स्वीकारायचा अधिकार तिघांकडे असतो, तिघं दरवर्षी बदलतात. फोनवर जे बोललो ते त्याच दिवशी उघड चर्चेत लिहायचं. हे नियम नव्या लोकांनी आणले. मी फक्त आडवी आले नाही. तेजश्रीचाच कोड घेऊन त्यांनी मोबाईलचा भाग पुरा केला. दिघ्याच्या वाचनालयात आज पुस्तकं मोबाईलवर नोंदवतात. आणि गेल्या आठवड्यात तिची एक बारीकशी दुरुस्ती आली. नमस्कार नाही, काही नाही. पण आली!

सई, तू ये. तुझं म्हणणं तिथे खरंच ऐकलं जाईल. ते माझ्यामुळे नाही.

आज सकाळी तेजश्रीच्या त्या मोबाईलच्या जुन्या चर्चेखाली, सगळ्यांना दिसेल असं, मी माझ्या नावाने लिहिलं — मतं मोजून ठरलं नव्हतं. तेजश्रीने विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले.