ज्योतीचा दुबईचा कुकर

दोन जावा एकाच घरात राहायला लागल्या की किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही, आपोआप साठत जातात. मैत्रिणी जमल्या की मला म्हणतात, "तो कुकरचा सांग." पण तो एक किस्सा नाहीच, चांगले चार-पाच आहेत.

आमचं घर काल्हेरला. खाली मी आणि सासूबाई, वरच्या मजल्यावर धाकटी जाऊ ज्योती. तिचा भाऊ दुबईला असतो. मोबाईल नुकते सगळ्यांच्या हातात आले होते, तेव्हाची गोष्ट. तो सुट्टीवर आला आणि बहिणीला विजेवरचा प्रेशर कुकर देऊन गेला. गॅस नको, शिट्टी नको, नुसतं बटण दाबायचं.

ज्योतीनं तो ओट्यावर नाही, हॉलमधल्या शोकेसवर ठेवला. बायका बघायला येऊ लागल्या. त्याआधी आमच्याकडे पाहुणा आला की पहिलं नाव माझ्या चिकनचं निघायचं. कुणाच्या हळदीला गेलं तरी लोक विचारायचे, "रस्सा मोठीनं केलाय ना?" आता तेच लोक दारातून सरळ जिना चढायचे. मी खाली चहा टाकायचे आणि एकटीच प्यायचे.

*

एका रविवारी ज्योतीनं जाहीर केलं, "आज चिकन माझ्याकडे." शेलार गावचे जावई, म्हणजे आमच्या नणंदेचा नवरा, मुद्दाम त्यासाठी येणार होते.

मी मदतीला म्हणून वर गेले. खरं तर बघायला गेले. ज्योतीनं कांदा परतला, चिकन टाकलं, झाकण फिरवलं आणि बटण दाबून पंख्याखाली येऊन बसली. माझा अर्धा जन्म ओट्यापाशी उभं राहण्यात गेला, आणि ही बसून नेलपॉलिश लावत होती.

सासूबाई कुकरला कान लावून बसल्या होत्या.

"बोलत न्हाय गो हा," त्या म्हणाल्या. "शिजतंय का झोपलाय?"

"आय, तो शिजला की आपोआप सांगतो," ज्योती म्हणाली.

मला तर कुकरपेक्षा त्या 'आपोआप'चाच जास्त राग आला.

*

थोड्या वेळानं कुकरवरचा दिवा विझला. पंखाही थांबला. लोडशेडिंग.

तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण झाकण काही उघडेना. आत वाफ कोंडलेली होती. जावई येऊन बसलेले, भाकऱ्या थापून झालेल्या, आणि घरातली सगळी कोंबडी त्या डब्यात. ज्योतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नारपोलीत आता लाईट असेल," ती म्हणाली. "माझ्या आईकडे. तिथली लाईट जायची वेळ वेगळी आहे."

भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, रिक्षा आणली. कुकर धरायला म्हणून ज्योतीबरोबर मीही बसले. गोडाऊनच्या ट्रकांमधून रिक्षा उडत चालली होती. मांडीवर चादरीत गुंडाळलेला गरम कुकर, आणि मी त्याला पोटाशी धरून बसलेले. ज्या वस्तूचा मला इतका राग, ती सांडू नये म्हणून सगळा रस्ता मी देवाचं नाव घेत होते.

नारपोलीला तिच्या आईच्या शेजारीच पॉवरलूमचा कारखाना. दारात उभा असलेला एक कामगार म्हणाला, "भाभी, बच्चा है क्या? मुँह तो खुला रखो उसका."

ज्योती एवढी हसली की तिथेच खाली बसली. मीही हसले. तोवर आम्ही दोघी एकत्र हसल्याचं मला आठवत नाही.

*

तिथे शिजवून कुकर घरी आणेपर्यंत जेवायला चार वाजले. जावई कधी कुणाच्या हाताला चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "कुकर भारी हाय."

सासूबाई म्हणाल्या, "व्हय, कुकरनं चांगलं केलं."

ज्योती वाढता वाढता थांबली. आत आल्यावर मला म्हणाली, "ताई, पहाटेपासून मी राबतेय, आणि नाव त्या डब्याचं."

मी पाण्याचा तांब्या भरत राहिले. अशा वेळी कसं वाटतं ते मला विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

*

पुढे ज्योतीची आई गेली. भावाला तेव्हा सुट्टी मिळाली नाही. वर्षभरानं तो आला आणि आमच्याकडे जेवायला थांबला.

त्या दिवशी सकाळी ज्योती वाटी घेऊन खाली आली. "ताई, थोडा मसाला देता? माझा संपलाय." मे महिन्यात कांडपावर बसून मी स्वतः कुटून आणलेला मसाला. मी वाटी भरून दिली.

जेवताना भावानं पहिला घास घेतला आणि थांबला. भाकरी हातात तशीच. मग म्हणाला, "ज्योती, हा मसाला कुणाचा गं?"

ज्योतीनं माझ्याकडे बघितलं नाही.

"आईचा," ती म्हणाली. "थोडा उरला होता. तुझ्यासाठी ठेवला होता."

तो मान खाली घालून जेवत राहिला. रश्श्याचा थेंबही त्यानं ताटात ठेवला नाही. मी पातेलं घेऊन त्याच्याजवळ गेले.

"घे अजून," मी म्हटलं. "त्यांच्या हाताला चवच होती तशी."