तिच्या औषधाची चव

मी चौथी शिकलेला माणूस. जन्म मिरची वाळवायच्या पथारीवर गेला. उन्हात पसरलेल्या मालातली एक मिरची उचलायची, जिभेला लावायची आणि शेठला सांगायचं, घ्या नाहीतर सोडा. माझी जीभ चुकली नाही. म्हणून कोणाच्या शब्दावर मी कधी गेलो नाही.

बायको गच्चीवर पापड वाळत घालायला चढली आणि शिडीवरून पडली. मणका गेला. कमरेखाली टाचणी टोचली तरी कळायचं नाही, आणि म्हणायची, पायांची आग होते. जिथं काही कळतच नाही तिथं आग कसली? खरं सांगतो, मला आधी तिचाच संशय आला. डॉक्टर म्हणाला, असं होतं. मग डॉक्टरचा आला.

दवाखान्यात सारंगखेड्याचा एक जण भेटायचा. घोड्यावरून पडून तोही तसाच, चाकाच्या खुर्चीत. डॉक्टरच्या चिठ्ठीवर तो गांजापासून केलेलं तेल घ्यायचा.

"दुखनं जात नही, आप्पा. पन झोप लागस. कोनले लागू पडस, कोनले नही."

"गांजानं औषध! आनि तुले यान्हामां काय दलाली भेटस?"

तो हसला. "फसवीसन मी कोठे पळी जासू? खुर्ची धरी ठेवा मन्ही."

बायको म्हणाली, "मले पाहू द्या एकदाव."

डॉक्टरने तिलाही चिठ्ठी दिली. औषध बाहेरून यायला वेळ होता, म्हणून डॉक्टरला विचारून त्या माणसाने आपली एक बाटली आम्हाला दिली. मी मनात म्हटलं, पहिली फुकट, दुसरीला गळा कापेल.

घरी येऊन मी माझ्या रीतीने परीक्षा घेतली. थेंब माझ्याच जिभेवर टाकले आणि दुपारपर्यंत ओट्यावर बसलो. गवतासारखी कडू चव. बाकी काही झालं नाही. नकली माल! सगळं मोरीत ओतलं आणि रिकामी बाटली तिला दाखवली.

ती म्हणाली, "तुमना पायनी आग व्हस का? मंग तुमले काय समजी?"

पुन्हा तिने मागितलं नाही. चिठ्ठी उशीखालीच राहिली. पडून पडून पाठीला झालेली जखम चिघळली आणि पौषात ती गेली.

सारंगखेड्याचा तो माणूस दारावर बसायला, दुखवट्याला आला. दोघा शेजाऱ्यांनी त्याची खुर्ची उचलून ओट्यावर घेतली. मी समजलो, आता बाटलीचे पैसे मागेल. निघताना म्हणाला, "त्या बाटलीमां काही उरेल व्हई तं द्या, आप्पा. मन्ही संपी गयी. थंडीमां पाय झोपू देतस नही."

"मी ओती दिन्हं."

"पुरं?"

"पुरं. तिनी चाखंच नही."

तो म्हणाला, "तिले एकदाव पाहू देवानं व्हतं."

त्या तेलावर माझा भरवसा आजही नाही. तिची आग थांबली असती की नाही, कोण सांगणार? ओट्यावरून उतरवताना त्याची खुर्ची एका बाजूने मी धरली. त्याचे पाय माझ्या हाताला लागले. त्याला ते कळलं नाही.