यादीत नसलेली खसखस

हे आमच्या ह्यांना माहीत नाही. मुलालाही नाही. चार वर्षं झाली, एका घरात राहून मी हे लपवते आहे. आज तुम्हाला सांगायचं ठरवलं, तर आधी उठून दाराला कडी घालून आले. भरदुपार आहे, हे बाहेर गेलेत, समोरची पिठाची गिरणी बंद आहे — तरी. कशाला भितेय मी? सांगते. पण जरा धीर धरा, मला हे एका दमात सांगता यायचं नाही.

केजच्या शाळेत मी तीस वर्षं लहान मुलांना शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा मुलाने इंग्लंडला बोलावलं, तीन महिने राहून आले. बस, एवढंच. पण आमच्या गल्लीत तेवढ्यावर मी परदेशाची जाणकार ठरले. बाई, बॅग कशी भरायची? बाई, विमानात थंडी वाजते का? मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं. शाळा संपल्यापासून माझं ऐकून घेणारं कुणी उरलं नव्हतं.

मग मी एक यादीच लिहिली, फुलस्केप कागदावर, आणि मागेल त्याला तिची झेरॉक्स द्यायला लागले. पासपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा, एक बॅगेत, एक अंगावर. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. पोरांचे नंबर कागदावर लिहून ठेवा, मोबाईल ऐनवेळी दगा देतो. बॅगेला लाल नाडी बांधा, तिथे सगळ्यांच्या बॅगा काळ्याच असतात. दुसऱ्याचं पुडकं घेऊ नका, मग देणारा सख्खा भाऊ का असेना. विमानात पायमोजे घाला, मधूनमधून उठून चाला. पोचल्यावर पहिल्या दिवशी दुपारी झोपू नका. आणि लेकीच्या घरात नुसतं बसून राहू नका, रोज एक चक्कर मारा, म्हणजे मन रमतं. चांगली यादी होती हो. आजही तिच्यातली एकही ओळ चुकीची नाही.

शोभा समोरची गिरणी चालवते. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, त्यामुळे सहा महिन्यांचं बिऱ्हाड दोन पोत्यांत कसं बसवायचं हे तिला मी काय शिकवणार? पण विमान तिने आभाळातच पाहिलेलं. तिची पल्लवी नर्स आहे, तेव्हा आखातातल्या एका देशात होती — देशाचं नाव नको. पल्लवीचं पहिलं बाळंतपण आलं आणि शोभा निघाली. तिची बॅग आम्ही दोघींनी गिरणीच्या काट्यावर चढवून तोलली. दोघींच्या अंगावर पीठ. तेव्हाच तिने विचारलं.

"बाई, लाडवाचं समदं घेतलंय. डिंक, खारीक, खोबरं, खसखस. चालतंय का हो तिथं? तुमच्या पोराला जरा इचारता का?"

विचारते म्हणाले.

काय लागत होतं विचारायला? एक फोन. पण आठच दिवसांपूर्वी मुलगा मला म्हणाला होता, आई, तू कशाला लोकांना सल्ले देत बसतेस, काही कमीजास्त झालं तर? पुन्हा तेच ऐकायची मला भीती वाटली. त्याने हसण्यावारी नेलं असतं, त्याची भीती वाटली. आज करू, उद्या करू. तिसऱ्या दिवशी गिरणीच्या आवाजात तिने तिकडून हातानेच खूण केली — काय झालं? आणि मी ओट्यावरून ओरडून सांगितलं, "विचारलं गं! सगळं चालतं! ने बिनधास्त!"

मी विचारलंच नव्हतं.

अफू ज्या बोंडातून निघते त्याच बोंडातलं बी म्हणजे खसखस. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते, तिकडे नेणं गुन्हा आहे. मी मास्तरीण, मला हे सुचू नये? तिथल्या विमानतळावर शोभाची बॅग उघडली आणि तिला बाजूला नेलं. दोन दिवस ठेवून घेतलं. भाषा येईना, काय चुकलं ते कळेना. पल्लवी भरल्या दिवसांची, या कचेरीतून त्या कचेरीत धावत होती, आणि त्या धावपळीतच तिला कळा सुरू झाल्या. बाळ सुखरूप झालं. पण शोभाला ते कुणी दाखवलं नाही. तिला तिथूनच परतीच्या विमानात बसवलं.

लाडवाचं सगळं सामान तिथेच राहिलं.

ती आली त्या दिवशी मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. लाल नाडी तशीच होती बॅगेला. मला वाटलं, आता ही येईल, दारात उभी राहील, गल्ली गोळा करेल. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीचा पट्टा सुरू झाला, दळण सुरू झालं. आणि मी दळण दुसऱ्या गिरणीत पाठवायला लागले.

इथेच थांबले असते तरी — नाही, ऐका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी दहाबारा बायका जमलो होतो. शोभाही होती. कुणीतरी म्हणालं, अगं, समोर एवढ्या जाणत्या बाई असताना तू विचारलं कसं नाहीस? सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. आणि मी म्हणाले — काय म्हणाले असेन? — "मी तर तिला खसखस नको म्हणून बजावलं होतं."

शोभाने माझ्याकडे पाहिलं. कपाळावर नुकतं लावलेलं हळदकुंकू, हातात तिळगूळ. मग खाली बघून म्हणाली, "व्हय. सांगितलतं बाईंनी. मीच इसरले."

तिने असं का केलं, मला आजही कळत नाही. तिने माझ्या झिंज्या उपटल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. तिने मला वाचवलं, आणि तेव्हापासून मला तिची जास्त भीती वाटते. घरी येऊन मी काय केलं माहीत आहे? मूळ यादी काढली. पुडक्याच्या ओळीखाली थोडी जागा होती, तिथे बारीक अक्षरात लिहिलं — खसखस नेऊ नये. नव्या झेरॉक्स काढल्या. दिलेल्या जुन्या मागून आणून जाळल्या. एक सोडून. ती शोभाकडे होती.

गेल्या आठवड्यात ती ओट्यावर येऊन बसली. पल्लवी आता दुसऱ्या देशात असते, दुसरं बाळंतपण आहे, शोभा पुन्हा निघाली होती. पासपोर्टच्या पानांतून तिने तो यादीचा कागद काढला. घडीवर विरलेला, पिठाचा वास येणारा. माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "बाई, ह्याच्यात एक ओळ कमी हाय. लिवून देता?"

मी लिहिली. पुडक्याच्या ओळीखाली, तीच — खसखस नेऊ नये. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं, घडी घातली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तवा इचारलं न्हवतं ना तुमी?"

मी म्हणाले, "चहा टाकते." आणि आत गेले. दूध उतू जाईपर्यंत आतच उभी राहिले. बाहेर आले तेव्हा ओटा रिकामा होता.

शोभा सोमवारी गेली. म्हणून गिरणी बंद आहे. तिला द्यायचं उत्तर मी तुम्हाला देते आहे, तेही कडी लावून — नाही, विचारलं नव्हतं.