आत्याची ओटी आणि माझे चाळीस देव

आमच्या गावामागचा डोंगर एकटा आहे. पश्चिमेला घाटाच्या बाजूला गेलं की डोंगर रांगेनं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असतात. आमचा मात्र भावकीत भांडण होऊन वेगळा निघाल्यासारखा अलीकडे, बाजरी-कांद्याच्या वावरांत एकटाच येऊन बसलाय. त्याच्या माथ्यावर देवी आहे. देवी म्हणजे मूर्ती नव्हे, देऊळही नव्हे. मांडीएवढा एक दगड, आणि त्यावर शेंदराचे इतके थर की आत दगड किती उरलाय हे देवीलाच ठाऊक. तिला पुजारी नाही, पोथी नाही, आरती नाही. नाव विचारलं तर जुनी माणसं म्हणतात, "डोंगरावरची." माझी आत्या म्हणते, "बाकीचे देव मागनं आले. ही आधीपास्नं हाय."

या देवीचं एक देणं आमच्या घरावर होतं आणि त्याचं कारण मी होतो.

मी दहावीला दोनदा गचकलो. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा आत्यानं डोंगराकडे तोंड करून नवस बोलला: "पोरगं मॅट्रिक झालं तर माझ्या पायानं वर येऊन तुझी ओटी भरीन." मी पास झालो. कसा, ते विचारू नका. देवीनं फार ताणलं असणार. पण ओटी राहिली. कधी गाय व्यायलेली, कधी उसाला पाण्याची पाळी, कधी माझंच लग्न. असं करता करता मी पन्नाशी ओलांडली, दूध डेअरीत कारकून म्हणून माझे केस पिकले आणि आत्या पंचाहत्तरीची झाली. तिचे दोन्ही गुडघे गेले. ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं. तसं आत्यानं जाहीर केलं, "आधी वर जाणार. टेबलावर काय झालं तर वर ती आणि मी समोरासमोर येऊ. मी काय तोंड दाखवू?"

"डोली करू आत्या," मी म्हणालो. "चार माणसं सांगतो."

"माझ्या पायानं बोलले हुते. तुझ्या माणसांच्या न्हाई."

डोंगराला दोन वाटा. एक खिंडीची, जवळची पण उभी. शेवटी कातळावर हातापायांनी चढावं लागतं. दुसरी गुरवाट, गुरं चरायला जातात ती. डोंगराला अर्धा वेढा घालत सावकाश वर जाते. आत्यासाठी गुरवाटच. अडचण एवढीच की गुरांना कुठं पोचायचं नसतं. त्यामुळे तिला शंभर फाटे फुटलेत आणि निम्मे फाटे करवंदीच्या जाळीत संपतात. आत्याच्या गुडघ्यांत मोजक्याच उठाबशा शिल्लक होत्या. एक पाऊल वाया जाऊन चालणार नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, वाटेवर बाण काढायचे.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं आणि मी गिर्यारोहक झालो. म्हणजे बूट आणले, टोपी आणली, घडीची काठी आणली. डोंगरावर दोनदा गेलो. त्यांपैकी एकदा माथ्यापर्यंत पोचलोही. पण जेवताना मी जे बोलायचो ते ऐकून बायको म्हणायची, "भाकरी वाढू का, की ऑक्सिजन?"

श्रावण संपता संपता मी ब्रश घेऊन निघालो. मारुतीच्या देवळाचं काम झाल्यावर उरलेला रंगाचा अर्धा डबा आमच्या गोठ्यात पडून होता.

"अहो, पांढरा न्या," बायको म्हणाली. "हा शेंदरी आहे."

"पांढरा लांबून दिसत नाही. पाखरांनी घाण केल्यासारखा वाटतो. यातलं तुला नाही कळायचं."

दिवसभर खपून मी चाळीस दगडांवर चाळीस बाण काढले. दगड ओले होते, वरून भुरभुर चालू होती, पण बाण झकास दिसत होते. उतरताना घसरलो आणि बराचसा डोंगर बसूनच उतरलो. पुढं महिनाभर कंबर धरून होतो, त्यामुळे वर पुन्हा पाहायला गेलो नाही. घरी मात्र सांगितलं, "वाट अशी करून ठेवलीय, आंधळासुद्धा जाईल."

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. पुढं मी, मध्ये काठी टेकत आत्या, मागं बायको. तिच्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, शिवाय भाकरी आणि ठेचा. आत्या नवी नऊवारी नेसली होती. पहिलं वळण घेतलं आणि मी ऐटीत म्हणालो, "आता बघ आत्या, तो समोर पहिला..."



समोर बाण नव्हता. ओल्या दगडावरचा रंग पावसानं ओघळून पसरला होता. टोक गेलं, दांडी गेली, उरला एक गुळगुळीत शेंदरी गोळा. त्यावर हळद. त्यावर कुंकू. समोर फोडलेल्या नारळाची करवंटी, वर झेंडूची माळ. मी बाण काढले होते. पावसानं त्यांचे देव केले होते. नवरात्राचे नऊ दिवस बायाबापड्या याच वाटेनं वर गेल्या होत्या आणि वाटेवर शेंदूर लावलेला दगड दिसल्यावर आमच्याकडची बाई काय करणार? तेच केलं होतं.

"आगं बया," आत्या म्हणाली, "हितं बी देव हाय?" आणि काठी बाजूला ठेवून खाली बसायला लागली.

तिचं खाली बसणं म्हणजे दोन माणसांचं काम. उठणं म्हणजे तीन माणसांचं, आणि आम्ही दोघंच होतो. तिनं डोकं टेकवलं, ओटीतले चार तांदूळ वाहिले. आम्ही तिला उठवलं. वीस पावलांवर दुसरा देव. पुन्हा बसली. तिसऱ्याला मी घाईनं म्हणालो, "आत्या, हा देव नाही. हा मी काढलेला बाण आहे."

"तू काढला?"

"हो. तुझ्यासाठीच. वाट चुकू नये म्हणून."

"रंग कुठला?"

"मारुतीचा उरलेला."

"मारुतीचा," आत्या म्हणाली. "मंग?" आणि बसली.

मी पुन्हा समजवायला गेलो तर म्हणाली, "आरं, चार बायांनी हात जोडलेत. तिथनं मी तंगड्या टाकत जाऊ व्हय? तुला लई कळतंय, म्हणून तर तीनदा बसावं लागलं दहावीला."

बायकोनं पदर तोंडाला लावला. तिला ठसका लागला होता म्हणे.

सहाव्या दगडाला कोणीतरी जत्रेत मिळतात तसे पत्र्याचे डोळे चिकटवले होते. ते डोळे थेट माझ्याकडे बघत होते. मी नजर चुकवली. आठव्याला चुन्याची चौकट, नवव्याला पाळणा बांधलेला. म्हणजे त्याच्याकडं लेकरू मागून झालं होतं. बिचाऱ्यानं काय करायचं होतं? त्याला मी फक्त डावीकडे वळा एवढंच शिकवलं होतं.

शेरडं घेऊन एक बाई खाली येत होती. तिला मी हळूच विचारलं, "मावशी, ह्या वाटेला देव जास्त झालेत का हो?"

"तर वो!" ती म्हणाली. "दोन म्हैन्यांत निघालेत सगळे. आपोआप. चाळीस हायती, मी मोजलेत. आमची शेळी हरवली हुती, त्या डोळेवाल्याला बोलले अन् सांजच्याला घरी." आणि माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, "भाऊ, देवापाशी तरी पायताण काढावं."

मी बूट काढून हातात घेतले. काय करता?

अकरा देव झाले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. आत्याचा चेहरा उतरला होता. बाराव्याला ती बसली आणि आम्ही उठवायला गेलो तर म्हणाली, "थांबा जरा." तिनं दोन्ही गुडघे हातानं दाबून धरले. वर पाहिलं. माथा अजून तेवढाच लांब होता. आणि मधे, वळणावळणावर, उन्हात चकाकणारे माझे शेंदरी देव. अठ्ठावीस.

"न्हाई व्हायचं," ती हळू आवाजात म्हणाली. "पस्तीस वर्सं ठिवली तिला ताटकळत."

हे ऐकल्यावर मात्र माझी थट्टा संपली. मला तिला वर न्यायचं होतं आणि तिची वाट मीच अडवून ठेवली होती, एकदा नव्हे, चाळीस ठिकाणी, ब्रशनं. मी म्हणालो, "मी पुढं जाऊन सगळ्यांवर पालापाचोळा टाकून येतो."

"देवावर पाला?" दोघी एकदम म्हणाल्या.

आत्यानं पदरानं चेहरा पुसला. चष्मा काढला, तो पुसला आणि डोळ्यांवर न लावता माझ्या शर्टाच्या खिशात घातला.

"उठवा," ती म्हणाली.

"आत्याबाई, चष्म्याशिवाय तुम्हाला दिसायचं नाही," बायको म्हणाली.

"व्हय ना. न्हाईच दिसत." तिनं माझा दंड धरला. "दिसलं आन् तशीच गेले तर पाप. दिसलंच न्हाई तर माझा काय गुन्हा?"

चष्म्याशिवाय आत्याला चार हातांवर माणूस उभा आहे की खांब हे कळत नाही. आम्ही निघालो. तेरावा देव आला. आम्ही दोघं श्वास रोखून. आत्या त्याच्यासमोर क्षणभर थबकली. मान तिरकी केली.

"हे केशरी केशरी काय दिसतंय रं?"

बायकोच पुढं झाली. "झेंडू आहे आत्याबाई. दसऱ्याचा."

"आस्सं," आत्या म्हणाली आणि पाऊल उचललं. पुढच्या वळणावर पुन्हा थांबली. "हितं बी झेंडूच?"

"झेंडूच."

"औंदा डोंगरावर झेंडू लई आलाय," आत्या गंभीरपणे म्हणाली.

असे अठ्ठावीस झेंडू आम्ही मागं टाकले. प्रत्येकापाशी ती दंडावरची पकड किंचित घट्ट करायची, ओठ हलायचे, आणि पुढं व्हायची. ती काय पुटपुटत होती ते मी विचारलं नाही. अनवाणी पायांत इतके काटे मोडले होते की माझेही ओठ हलत होते, पण ते शब्द देवापाशी बोलण्यासारखे नव्हते.

माथ्यावर वारा होता. देवीच्या दगडाशेजारी खिंडीच्या वाटेनं आलेली पुण्याची चार-पाच पोरंपोरी पाठीवरच्या पिशव्या उतरवून बसली होती. आत्याला पाहून ती सगळी उठून उभी राहिली. आत्यानं हात पुढं केला. मी चष्मा दिला. तो लावून ती देवीकडे नुसती बघत राहिली.

मग खाली बसली. या वेळी आमच्या मदतीची वाट न बघता, धपकन. ओटीचं सामान मांडलं. खण उलगडला. तांदळाची मूठ उचलली आणि तशीच थांबली.

"हिकडं ये," मला म्हणाली. "तिच्यासमोर हुबा ऱ्हा. हात जोड. सांग तिला."

"काय सांगू?"

"काय म्हंजे? कशाचा नवस हुता? तिला काय म्हाईत, झाला का न्हाई? कुणी येऊन सांगितलंय का इतक्या वर्सांत?"

मी बायकोकडं पाहिलं. ती दरीकडं तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. पोरंपोरी कान टवकारून उभी.

मी टोपी काढली. हात जोडले. "मी... दहावी पास झालो."

"मोठ्यानं. वारा हाय."

"मी दहावी पास झालो!"

मागून टाळ्यांचा कडकडाट झाला. "अभिनंदन काका!" एक मुलगी म्हणाली. "बाहेरून बसला होतात का?"

"आतूनच बसला हुता," आत्या मागं न वळता म्हणाली, "तीनदा." आणि देवीच्या पुढ्यात खण पसरून तिनं मुठीतले तांदूळ सोडले.