‘निजली’चा अर्थ

आखातातल्या दाट, वेलचीच्या करक चहाचा वास आला की सूक वाकिफ बाजाराजवळचा तो छोटा हॉल आठवतो. मी तेव्हा दोह्यात एका पोलिश कवयित्रीची गाडी चालवायचो. ती भाषांतरंही करायची आणि हिंदी छान बोलायची. मी गुणगुणलेली आईची ओवी तिने अर्थ विचारून पोलिशमध्ये नेली होती. त्या हॉलमध्ये तिचं कवितावाचन होतं. ओवी वाचायला उभी राहून ती म्हणाली, “ये एक माँ की लोरी है.” ओवीतलं ‘निजली’ म्हणजे झोपली, एवढंच मी तिला सांगितलं होतं. पुढचं सांगायला जीभ रेटली नव्हती. नोकरी जाईल अशी भीती होती, तरी उठलो. “मॅडम, लोरी नहीं है. मेरी छोटी बहन गुजर गई थी, तब की है.” सगळे माझ्याकडे वळले. तिने पेन काढून एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला आणि हळू आवाजात वाचू लागली. पोलिश मला येत नाही, पण ती कुठे अडखळली ते कळलं. तिची ओवी परक्या लोकांसमोर वाचली गेली, हे आईला मी अजून सांगितलेलं नाही.