आकारामची एकहाती म्हैस

गडमुडशिंगीत आमच्या शेजारी आकाराम राहतो. त्याच्या गोठ्यात म्हैस असायची ती नेहमी एकहाती. म्हणजे एकाच माणसाला धार देणारी. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरणारी. लोक असली ब्याद विकून टाकतात. ह्याला तीच हवी. "माझ्याबिगर कुणाला थेंब देत न्हाय," असं छाती फुगवून सांगायचा. त्याला दुसरी कसली मिजास नव्हती.

पंचविशीत त्याची पाठ धरली. मणक्यांचा वात. मणके एकमेकांना चिकटत गेले, मान वळेना, पुढं दोन्ही खुबे आखडले आणि उकिडवं बसणंच बंद झालं. म्हैस आटली. १९९४ साली कोल्हापुरात दोन्ही खुबे बदलले. तो चालायला लागला, पण डॉक्टरांनी बजावलं, खुर्चीत बसा, खाली बसायचं नाही. आम्ही म्हटलं, आटपला ह्याचा धंदा. पण गडी वस्ताद. त्यानं गोठ्यात गुडघाभर उंचीचा ओटा बांधला आणि चढायला उतार केला. म्हैस ओट्यावर, हा खाली खुर्चीत ताठ. अख्खा गाव बघायला आला. "पावणीला पाटावर बसवलंस की रं," मी म्हणालो. तो हसला आणि धार काढत राहिला.

दहा वर्षं झकास गेली. मग उजव्या जांघेत कळ यायला लागली. फोटो काढला तर खुब्यात बसवलेली वाटी हाडातून सुटलेली. डावीकडं वेगळंच, नव्या सांध्याभोवती हाड वाढून तो पुन्हा जाम झालेला. ह्या आजारात असं होतं, डॉक्टर म्हणाले. आधी कुणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असा माझा संताप झाला. आकारामनं एवढंच विचारलं, "खुर्चीत तर बसता येईल न्हवं?"

त्यासाठीच उजव्या खुब्याचं दुसरं ऑपरेशन पुण्यात केलं. जखमेत पू झाला. शेवटी सांधाच काढून टाकावा लागला. आता उजवा पाय आखूड आणि लुळा, डावा लाकडासारखा. खुर्चीही गेली. सोप्यातल्या खाटेवर तो आडवा असतो.

तो पुण्याहून आला तेव्हा म्हैस नुकतीच व्यालेली. रेडकू पाजून सोडलं तरी त्याच्या बायकोला, शालूबाईला, ती हात लावू देईना. कास दगडासारखी झाली. आकाराम खाटेवरून म्हणायचा, "मला गोठ्यात न्या, नुसता हात लावतो." पण उचलायला गेलं की कळवळायचा. शेवटी भावकीतल्या बयाबाईनं सुचवलं, त्याचा घामाचा शर्ट घालून बस. शालूबाईनं लुगड्यावर त्याचा न धुतलेला शर्ट चढवला, डोक्याला त्याचा टॉवेल गुंडाळला आणि त्याच्या खुर्चीत बसली. मी खाटेपाशी होतो, दारातून गोठा दिसत होता. म्हशीनं शर्ट हुंगला आणि थोड्या वेळानं बादलीत धारेचा आवाज सुरू झाला.

"दिली की रं," मी आनंदानं म्हणालो.

त्याला मान वळवता येत नाही. आढ्याकडं बघतच तो म्हणाला, "शर्ट पुरला तिला. आता मी मेलो तरी गोठ्याचं काय अडत न्हाय."

खोटं काय होतं त्यात?